मेडिकलमधली ती ट्यूब



"ताई, पिंपल्सवर काहीतरी घरगुती सांगा ना," हे मला पारण्याला काय करायचं या प्रश्नाइतकंच नेहमी विचारलं जातं. मंदिराच्या पायऱ्यांवर, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. जिच्याबद्दल विचारणं चाललेलं असतं ती मुलगी शेजारीच ओढणीशी चाळा करत उभी असते, आणि बाकीच्या चारजणी तिचा चेहरा निरखून बघत असतात. आज मी यावर लिहिणार आहे, पण घरगुती काही सांगणार नाही. आपल्या घरांत मुलींच्या चेहऱ्याचं जे चाललंय, त्याच्याविरुद्ध लिहिणार आहे. राग आला तर येऊ द्या. वाचून झाल्यावर मात्र एकदा उठून आरशाच्या कपाटातली ती ट्यूब हातात घ्या आणि चष्मा लावून तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा.

कुठली ट्यूब ते तुम्हाला ठाऊक आहे. जावेने नणंदेला सांगितली, नणंदेने मावसबहिणीला, पार्लरवालीने सगळ्यांना. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, मेडिकलवाल्याला नाव सांगितलं की तो न विचारता काढून देतो. रात्री लावायची, सकाळी चेहरा उजळ. आठ दिवसांत पिंपल्स बसतात, डाग फिके होतात, आणि आई समाधानाने म्हणते, डॉक्टरला हजार रुपये घालवायचे वाचले.

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, असं कुठलंतरी नाव बारीक अक्षरात छापलेलं सापडेल. सोबत बुरशीवरचं एक औषध, एखादं प्रतिजैविक, किंवा गोरं दिसण्यासाठी हायड्रोक्विनोन. हे स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. इसब, सोरायसिस यांवर डॉक्टर तेच देतात आणि त्याने माणसाला आराम पडतो. पण ते ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस लावायचं असतं. चेहऱ्याची कातडी पातळ. तिथे महिनोन्महिने रोज लावलं की काय होतं ते ऐका.

सुरुवातीला लाली आणि सूज दबते, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा गोरा दिसतो. तो गोरेपणा म्हणजे कातडीला दिलेली गुंगी आहे. हळूहळू कातडी आणखी पातळ होते, गालावर लाल केशवाहिन्यांची जाळी दिसायला लागते, हनुवटीवर आणि कानाजवळ लव वाढते. ज्या पिंपल्ससाठी हे सगळं सुरू केलं, तेच पिंपल्स जास्त संख्येने आणि एकसारखे बारीक-बारीक उठतात. घाबरून ट्यूब बंद केली तर दोन-चार दिवसांत चेहरा लालभडक होऊन पेटतो, म्हणून पुन्हा लावायची. लावली की शांत. हे व्यसनच आहे, फक्त तंबाखूसारखा वास येत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे चेहरे इतके पाहिले की त्यांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलं: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. त्यांची देशभरातली संघटना, आयएडीव्हीएल, कित्येक वर्षं याच्याविरुद्ध ओरडते आहे.

आमच्या नात्यातली एक मुलगी बी.कॉम.ला होती तेव्हा तिने ही ट्यूब आठ महिने लावली. नंतर तिला गॅससमोर उभं राहून पोळ्या भाजता येईनात, इतका चेहरा जळायचा. दारात कपडे वाळत घालायला गेली तरी गाल लाल. घरी सगळे म्हणाले, अंगात उष्णता फार झाली, सब्जा द्या, गुलकंद द्या. दिला. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चेहऱ्याला काय लावतेस, ती ट्यूब घेऊन ये." चेहरा शांत व्हायला वर्षाच्या आसपास लागलं. ज्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ती ट्यूब आठ महिने न विचारता दिली, तो आजही तितक्याच हसतमुखाने "आणखी काही, वहिनी?" असं विचारतो.

आणि ही गोष्ट कायद्यात बसत नाही, बरं का. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याआधी वरून लावायच्या औषधांना एक पळवाट होती, ती तेव्हा बुजवली. ट्यूबवर तसा इशारा छापलेला असतो. आपण रात्री दिवे लागल्यावर पाण्याच्या घोटाचाही विचार करणाऱ्या बायका. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका दुकानात उभं राहून शोधतो, त्यातल्या इमल्सिफायरचा नंबर बघतो. आणि मुलीच्या गालावर रोज काय चोळतो आहोत, ते एकदाही वाचत नाही!

तर वाचायची पद्धत सांगते. नावाच्या शेवटी "सोन", "सोलोन", "सोनाइड" किंवा "बेटासोल" आलं तर थांबा. (मायकोनाझोल, क्लोट्रिमाझोल यांचा शेवट "झोल" आहे, ती बुरशीची औषधं. ऐकायला सारखी वाटतात म्हणून सांगितलं. पण त्यांच्या जोडीला त्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे का, ते बघा.) आणि हे वाचून आजच्या आज ट्यूब कचऱ्यात टाकू नका. बरेच महिने लावत असाल तर एकदम थांबवल्यावर चेहरा पेटणार. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, लाजू नका. त्यांना नवल वाटणार नाही.

आता घरगुती म्हणाल, तर लिंबू चेहऱ्याला लावू नका. ते आम्ल आहे, त्याने कातडी भाजते आणि वर ऊन लागलं की काळे डाग पडतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा हेही तसलेच. बेसन-हळदीने कोणाचं वाकडं होत नाही, पण पिंपल्सही जात नाहीत. शनिवारी डोक्यावर तेल थापून तसंच झोपायची सवय असेल आणि कपाळावरच्या केसांच्या कडेनेच पुटकुळ्या येत असतील, तर तेल कमी करा. हा एवढा एकच घरगुती सल्ला मी मनापासून देईन.

कारण पिंपल येतो कसा ते आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही. रक्त अशुद्ध झाल्याने येत नाही, पोट साफ नसल्याने येत नाही, आणि चेहरा नीट न धुतल्याने तर मुळीच नाही. कातडीत प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल करायला लागते. त्याच वेळी केसाच्या छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साचतं, तिथे नेहमीच राहणारे जंतू वाढतात, आणि शरीर त्यांच्याशी लढायला लागलं की सूज, लाली, पू. ब्लॅकहेडचा काळेपणा हा मळ नसतो, उघड्या तोंडाच्या बुचावर हवा लागून आलेला रंग असतो. म्हणून दिवसातून सहा वेळा साबण लावणाऱ्या मुलीचे पिंपल्स कमी होत नाहीत, उलट चेहरा सोलवटून निघतो. दोन वेळा सौम्य फेसवॉश पुरे. खाण्याचं म्हणाल तर साखर-मैद्याचे पदार्थ आणि काही जणींच्या बाबतीत दूध यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण तुपाच्या चमच्यावरून मुलीला ताटावर टोचून बोलण्याइतका पुरावा कशालाच नाही.

आणि "कर्माचं फळ आहे, भोगून संपवायचं" असं म्हणणाऱ्या आजीबाईंना माझा नमस्कार. असातावेदनीय कर्माचा उदय असतो हे मीही मानते. पण गुडघे दुखले की आपण तेल लावतो, मोतीबिंदू झाला की शस्त्रक्रिया करतो, तेव्हा कोणी कर्माचं नाव घेत नाही. आपल्याकडे चार दानांत औषधदान सांगितलं आहे, आहारदानाच्या आणि अभयदानाच्या बरोबरीने. औषध घेणं कमीपणाचं असतं तर ते देणं पुण्याचं कशाला ठरलं असतं? सोळा वर्षांच्या मुलीनेच तेवढं सोसायचं, हा धर्म कुठल्या शास्त्रात लिहिलाय?

"लग्न झालं की आपोआप जातात" हेही तितकंच खोटं. पस्तिशीतल्या कितीतरी जणींना हनुवटीवर येतात. आणि वाट बघण्याची किंमत असते. खोलवरचे, गाठीसारखे, दुखणारे पिंपल्स महिनोन्महिने राहिले की खड्डे पडतात. लाल-काळे डाग काळानुसार फिके होतात, खड्डे भरत नाहीत. ते भरायला नंतर लेझर आणि सुया, आणि तेही पूर्ण नाही. पाचव्या महिन्याला नेलं असतं तर जे टळलं असतं, ते पाचव्या वर्षी हजारो रुपये ओतून निम्मं मिळतं.

मग डॉक्टर देतात तरी काय? थोडक्यात सांगते, म्हणजे चिठ्ठी हातात आल्यावर घाबरायला होणार नाही. पण ही चिठ्ठी नव्हे. दुकानात जाऊन माझं नाव सांगून काही आणू नका.

साध्या पिंपल्सना बहुतेक वेळा दोन गोष्टींवर भागतं. एक बेंझॉइल पेरॉक्साइड, अडीच किंवा पाच टक्क्यांचं. ते जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. अडीच टक्क्यांचंही चांगलं काम करतं आणि कमी जळजळतं, म्हणून जास्त टक्क्यांचा हट्ट नको. पण ते रंग उडवतं! उशीचा अभ्रा, टॉवेल, गडद रंगाची ओढणी, सगळ्यावर पांढरे डाग पडतात. पांढरा अभ्रा घाला म्हणजे भांडण नाही. दुसरं ॲडापलीन किंवा ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातली जेल. ही रात्री लावायची, वाटाण्याएवढी, आणि सगळ्या चेहऱ्याला पातळ. पिंपलवर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण तिचं काम पुढचं बूच बसू न देण्याचं आहे. पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात, कधी पिंपल्स वाढल्यासारखे वाटतात. इथेच आपल्या घरातली सगळी मंडळी "बंद कर ते" म्हणून मागे लागतात. बंद करू नका. दोन दिवसांआड लावा, आधी मॉइश्चरायझर लावा, दिवसा सनस्क्रीन लावा, आणि डॉक्टरांना फोन करा. परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. आपण तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर बदलतो, सहाव्यात आयुर्वेद, नवव्यात पुन्हा तीच ट्यूब.

क्लिंडामायसिनची जेल एकटी वर्षानुवर्षं लावू नये. जंतू तिला दाद देईनासे होतात, म्हणून ती बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच देतात. आणि ज्या गरोदर आहेत किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करताहेत, त्यांनी डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगावं. त्यांच्यासाठी अझेलिक आम्लासारखे पर्याय आहेत. ॲडापलीन, ट्रेटिनॉइन त्यांच्यासाठी नव्हेत, डॉक्सिसायक्लिनही नव्हे.

डॉक्सिसायक्लिनचं नाव आलंच आहे, तर आपल्या घरांपुरती एक गोष्ट सांगते. ती माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेली नसते. जास्त पिंपल्सना हे प्रतिजैविक पोटातून देतात, साधारण तीन महिन्यांपर्यंत. ते घेताना पेलाभर पाणी प्यायचं असतं आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. का? गोळी अन्ननलिकेत अडकून विरघळली तर तिथे भाजल्यासारखा व्रण पडतो. मग छातीत अशी आग होते की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं. आता आपल्याकडे काय होतं बघा. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात "रात्री जेवणानंतर". आपलं जेवण सूर्यास्ताआधी. चौविहार असेल तर त्यानंतर पाणीही नाही. औषध विसरलं हे मुलीला झोपताना आठवतं. पाणी तर चालत नाही, म्हणून ती गोळी थुंकीबरोबर कशीबशी गिळते आणि आडवी होते. डॉक्टरांच्या स्वप्नातही येणार नाही की असं कोणी करेल, आणि आपण त्यांना सांगत नाही, कारण आपल्याला संकोच वाटतो. अहो, सांगा! "आम्ही सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही" हे एक वाक्य. मग ते गोळी दुपारच्या जेवणावर देतील. पाणी गाळलेलं असो, उकळलेलं असो, भरपूर हवं. त्याच वेळी लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेऊ नका, ती या औषधाला अंगात शिरू देत नाही. आणि या गोळ्या चालू असताना ऊन जास्त भाजतं, तेव्हा यात्रेला निघताना डोक्यावर नुसता पदर पुरायचा नाही.

अठ्ठाई किंवा दशलक्षणातले उपवास करायचे असतील तर आठवडाभर आधी डॉक्टरांना सांगा. औषध मधे थांबवायचं, वेळ बदलायची की दुसरं द्यायचं, ते त्यांना ठरवू द्या. आपण मनानेच बंद करायचं आणि नंतर "त्यांच्या औषधाचा गुण आला नाही" म्हणायचं, हा त्या डॉक्टरांवर अन्याय आहे.

आता कॅप्सूलकडे येते. यावरून मला बोलणी बसणार हे माहीत आहे.

फार वाढलेल्या, खड्डे पाडणाऱ्या पिंपल्सवर आयसोट्रेटिनॉइन नावाचं औषध आहे. अमेरिकेत १९८२ पासून वापरात आहे. वजनावर मात्रा ठरते, चार-सहा महिने किंवा जास्त घ्यावं लागतं. तेलाच्या ग्रंथीच आकसतात, आणि बऱ्याच जणींना पुन्हा औषध लागत नाही. दुसरं कुठलंही औषध इतकं मुळाशी जात नाही. पण ते मऊ कॅप्सूलमध्ये येतं, आणि ते कवच सहसा जिलेटिनचं असतं. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून बनतं. औषधाच्या पट्टीवर बिस्किटासारखा हिरवा ठिपका शोधून उपयोग नाही.

कोणी म्हणालं, "मी व्रत घेतलं आहे, मला हे चालणार नाही", तर मी तिच्यापुढे हात जोडते. तिने ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. डॉक्सिसायक्लिन कॅप्सूलऐवजी गोळीतही मिळतं. वरून लावायची औषधं आहेत, संप्रेरकांवरच्या गोळ्या आहेत. वेळ जास्त लागेल, पण रस्ता निघतो. निर्णय तिचा, आणि तो उघड. मला चीड येते ती दुसऱ्याच प्रकाराची. घरात सासऱ्यांची ॲसिडिटीची कॅप्सूल रोज सकाळी बिनबोभाट चालते. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल सुईने टोचून त्यातलं तेल चेहऱ्याला चोळायचं, हे तर आपल्या बायकांचं आवडतं सौंदर्यप्रसाधन. तेही मऊ जिलेटिनच असतं हो! हे कवच कुणाला दिसत नाही. फक्त मुलीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या वेळी ते दिसतं, आणि तिला न सांगता आई पट्टी लपवून ठेवते. अहिंसा पाळायची तर घरात सगळ्यांनी पाळू. एकट्या मुलीच्या गालावर तिचं ओझं टाकायचं नाही.

घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की हे औषध तुपा-तेलाच्या जेवणाबरोबर अंगात शिरतं. आयंबिलच्या ओळीत, रूक्ष जेवणावर घेतलं तर त्यातलं बरंचसं वाया जातं. ओठ फुटतात, डोळे कोरडे पडतात. यकृत आणि रक्तातली चरबी यांच्या तपासण्या करायला सांगतील, त्या चुकवू नका. मन खूप उदास वाटायला लागलं तर "परीक्षेचं टेन्शन असेल" म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना कळवा. औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचं नाही. महावीर जयंतीच्या शिबिरात उत्साहाने रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींनो, तुमच्यासाठी हे. का, ते आता सांगते.

या औषधावर असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येण्याचा धोका फार मोठा असतो. मेंदू, हृदय, कान, चेहरा, काहीही. म्हणून डॉक्टर गरोदरपणाची तपासणी सांगतात आणि विचारतात, दिवस राहण्याची शक्यता आहे का? हा प्रश्न ऐकून आपल्या आया खुर्चीवरून उठतात. "माझी मुलगी तसली नाही!" असं म्हणून तरातरा बाहेर पडलेली बाई मी स्वतः पाहिली आहे. मुलगी मागे, खाली मान घालून. अहो, त्यांनी तुमच्या संस्कारांवर शंका घेतलेली नाही. हे औषध देताना तो प्रश्न प्रत्येकीला विचारावाच लागतो, साध्वीच्या भाचीलाही विचारतील. जो डॉक्टर विचारत नाही, त्याच्याकडून तुम्ही उठून यायला हवं.

पण खरी भीती वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल एकही आई बोलत नाही. आपल्याकडे ही कॅप्सूल सुरू कधी होते? स्थळं बघायला सुरुवात झाली की. चेहऱ्यामुळे दोन ठिकाणहून नकार आला की. (बघण्याच्या कार्यक्रमाला आपले बिनकांद्याचे पोहे तेवढे वेगळे, बाकी नजर तीच.) मग घाईघाईने औषध, मधेच सुपारी फुटते, पाच महिन्यांनी मुहूर्त निघतो, आणि औषध अजून चालूच असतं. सासरी कळू नये म्हणून मुलगी पट्टी दागिन्यांच्या डब्यात ठेवते. नवऱ्यालाही सांगायचं नाही असं आईने बजावलेलं असतं. आणि तिकडे पहिल्या महिन्यापासून "गोड बातमी कधी?" सुरू. आता सांगा, यातून जे होऊ शकतं त्याची जबाबदारी कोण घेणार? लपवा म्हणणारी आई? विचारून भंडावणारी सासू? सुरू होण्याआधी एक महिना, चालू असताना पूर्णवेळ आणि थांबल्यावर निदान एक महिना दिवस राहता कामा नये, हा नियम आहे. यात मुहूर्ताने तडजोड होत नाही. नवऱ्याला माहीत नसेल तर ती मुलगी हा नियम एकटी कसा पाळणार?

म्हणून लग्न ठरत असेल तर डॉक्टरांना तारीख सांगा. तारीख ठरली नसेल तर "वर्षभरात ठरू शकतं" एवढं तरी सांगा. त्या हिशेबाने ते औषध सुरू करतील, किंवा करणारच नाहीत. आणि उरलेल्या कॅप्सूल धाकट्या जावेला किंवा आतेबहिणीला देऊ नका. साडी देतो तसं औषध देता येत नाही. ती गरोदर आहे हे कदाचित तिलाही अजून कळलेलं नसेल.

हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने सारखे पिंपल्स येतात, पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, ओठावर केस वाढतात, अशा मुलीला आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पीसीओएस असू शकतो. त्यावर कधी कधी संततिनियमनाच्या गोळ्या देतात, आणि त्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचून घरात कल्लोळ होतो. तिथेही तेच: औषध कशासाठी दिलंय ते डॉक्टरांना विचारा, मुलीच्या तोंडाकडे संशयाने बघू नका.

लग्नाआधीच्या पार्लरचं राहिलंच. ॲडापलीन, ट्रेटिनॉइन लावत असाल किंवा आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, तर चेहऱ्याला वॅक्सिंग करू नका, मेणाबरोबर कातडीही निघते. कॅप्सूल थांबल्यावरही काही महिने थांबावं लागतं, किती ते डॉक्टरांना विचारा. पार्लरवालीने वधूच्या पॅकेजमध्ये ब्लीच आणि फेशियल धरलेलंच असतं. तिला बुकिंगच्या वेळीच सांगा की चेहऱ्याला काहीही लावायचं नाही. आणि तिने पर्समधून ती ट्यूब काढून "ही लावा, आठ दिवसांत ग्लो येतो" म्हटलं, तर आधी उलटी करून नाव वाचा.